डोळ्यातून झाडाकडे

माझी झोप उडाली ती एका बाणामुळे.

पेन्सिलने काढलेला, बोटभर लांबीचा बाण. माझ्या मुलीने, रेवाने, चौथीच्या सायन्सच्या पेपरात काढला होता. आपल्याला झाड कसं दिसतं ते चित्र काढून दाखवा, असा प्रश्न होता. रेवाने झाड काढलं, एक मोठा डोळा काढला, पापण्यांसकट, आणि त्या डोळ्यातून बाण काढून थेट झाडाच्या बुंध्यात घुसवला. टीचरनी बाणावर लाल फुली मारली आणि खाली लिहिलं, पालकांनी येऊन भेटावं.

ज्यांना सायन्स सोडून जमाना झालाय त्यांच्यासाठी सांगते. बाण उलटा हवा. सूर्याचा उजेड झाडावर पडतो, झाडावरून उसळून आपल्या डोळ्यात येतो, म्हणून झाड दिसतं. डोळ्यातून बाहेर काहीच जात नाही. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेय. प्रकाशाच्या पेपरात मला चांगले मार्क होते. आणि माझ्या पोटच्या मुलीने डोळ्यातून बाण सोडला.

मुलांच्या चुका आपण मुद्दाम साठवत नाही. चाळीच्या जिन्याखाली कोणाकोणाच्या मोडक्या सायकली साठतात तशा त्या साठत जातात. एक दिवस जायला वाट उरत नाही, तेव्हा लक्षात येतं. वर्षभर मी हे किस्से हसत हसत सगळ्यांना ऐकवत होते, ऑफिसात, शाळेच्या गेटवर, माहेरी. लोक म्हणायचे, लिहून ठेव गं. आता लिहितेय, पण हसू तेवढं येत नाही.

* * *

आम्ही लालबागला राहतो, चाळीत, सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर. मी, रेवा, सासूबाई आणि माझा नवरा संदेश. संदेश विमानतळावर कार्गोत आहे, कायमची रात्रपाळी. मी लोअर परळच्या एका ऑफिसात लोकांचे विम्याचे क्लेम तपासते, म्हणजे लोक काय सांगतात त्यातलं खोटं शोधते. रविवारी दुपारनंतर घरी तीन मुलांचा अभ्यास घेते. एक रेवा, दुसरा शेजारच्या सावंतांचा अथर्व आणि तिसरी तळमजल्यावरची काजल. तिघंही चौथीत. अथर्व आणि काजल जवळच्या मराठी शाळेत जातात, रेवा दादरला इंग्लिश मीडियममध्ये. त्यामुळे अथर्वच्या चुका मराठीत होतात आणि रेवाच्या दोन्ही भाषांत.

रेवाला इंग्लिश मीडियममध्ये मी घातलं. घरात बाकी कोणाची काही मागणी नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं.

* * *

पहिला किस्सा ‘लाईट’चा.

प्रकाशाचा धडा सुरू झाला त्या दिवशी टीचरनी वर्गाला विचारलं, लाईट कुठून येते? बाकीची मुलं अजून विचार करत होती. आमची रेवा सगळ्यांच्या आधी हात वर करून उभी राहिली.

“फ्रॉम म्हात्रे अंकल!”

म्हात्रेकाका म्हणजे आमच्या चाळीतले वायरमन. लाईट गेली की सगळी चाळ गॅलरीत येऊन त्यांच्या नावाने ओरडते. ते बनियनवर खाली उतरतात, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत काहीतरी करतात आणि लाईट येते. रेवाने जन्मापासून लाईट अशीच येताना पाहिली आहे. तिच्या लेखी उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.

वर्ग हसला. टीचरही हसल्या असाव्यात, कारण संध्याकाळी त्यांनी हा किस्सा आयांच्या ग्रुपवर टाकला. नाव घातलं नव्हतं. पण अख्ख्या वर्गात जिन्याखाली मीटर असलेलं घर एकाच मुलीचं असावं, हे बायांना कळायला कितीसा वेळ लागणार? हसून डोळ्यात पाणी आलेले पिवळे चेहरे एकामागून एक यायला लागले. मीही एक टाकला. नसता टाकला तर आमचीच मुलगी ती, हे नक्की झालं असतं.

खरा किस्सा त्याच्या पुढचा आहे. दुसऱ्या दिवशी टीचरनी शिकवलं की लाईट नेहमी सरळ रेषेत जाते. रेवाला ते पटलं नव्हतं. आमचा फ्यूज उडतो तेव्हा लाईट सावंतांच्या खिडकीतून एक्स्टेंशनने वळसा घेऊन येते, हे तिने स्वतः पाहिलं होतं. पण वर्गात तिने हात वर केला नाही. घरी येऊन, चपला काढायच्या आधी, मला विचारलं.

तेव्हापासून ती सगळं घरीच येऊन विचारते. शाळा म्हणते, मूल वर्गात बोलत नाही.

* * *

अथर्वची गोष्ट वेगळी. तो बोलायचा थांबत नाही.

एका रविवारी त्याने विचारलं, अंधार पडतो तो कुठून पडतो? मी म्हटलं, अंधार ही वस्तू नाही रे, उजेड नसला की त्याला आपण अंधार म्हणतो. तो म्हणाला, मग ‘पडतो’ का म्हणता? मी सांगायला लागले की ती बोलायची पद्धत आहे, तर त्याने मला पद्धतच काढून दाखवली. पाऊस पडतो, तो खाली साठतो. धूळ पडते, ती साठते. मग अंधार पडला तर तोही साठणार.

“म्हणून तर काजलकडे जास्त काळोख असतो,” तो म्हणाला. “वरून पडतो ना सगळा. तळमजल्यावर जाऊन साठतो.”

काजलने मान डोलावली. तिच्याकडे भरदुपारी ट्यूबलाईट लावावी लागते.

मी फळ्यावर सूर्य काढला, चाळ काढली, समोरचा टॉवर काढला, रेघा मारल्या. वरच्या मजल्यांवर उजेड कसा पोचतो आणि खाली का पोचत नाही, ते नीट समजावलं. अथर्वने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तेच तर मी सांगत होतो.

थिअरी शंभर टक्के चूक आणि उत्तर शंभर टक्के बरोबर. अशा वेळी मार्क कसे द्यायचे, ते आम्हाला बी.एस्सी.ला शिकवलं नव्हतं.

* * *

टॉवरचा विषय निघालाच आहे तर काजलचाही किस्सा सांगून टाकते.

आमची गॅलरी पूर्वेला. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळचं ऊन थेट देव्हाऱ्यापर्यंत यायचं, सासूबाई त्यावर घड्याळ लावायच्या. मग समोर मिलच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि सकाळ गेली. पण टॉवरला सगळीकडून काचा आहेत. दुपारनंतर सूर्य आमच्या चाळीच्या मागे, पश्चिमेला उतरायला लागला की त्या काचांवर आपटून ऊन परत फिरतं आणि आमच्या गॅलरीत येतं. तेही चांगलं झणझणीत. पापड वाळतात.

तर मी विचारलं, सूर्य कुठे उगवतो? काजल म्हणाली, पूर्वेला. मी शाबास म्हणेपर्यंत तिने पुढचं सांगितलं, “दुपारी चार वाजता. टॉवरमध्ये.”

मी तिला गॅलरीत नेऊन दाखवलं. खरा सूर्य आपल्या पाठीमागे आहे, काचेत दिसतो ते नुसतं प्रतिबिंब. ऊन आधी त्यांच्याकडे जातं आणि तिथून परत आपल्याकडे येतं. काजल डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली. तिची आई त्याच टॉवरमध्ये दोन घरी कामाला जाते.

“म्हणजे वापरून झालेलं?” तिने विचारलं. “माझ्या आईला फ्रॉक देतात तसं?”

परावर्तनाची इतकी अचूक व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. मी फक्त म्हटलं, हो, तसंच काहीसं. आणि गणिताची वही काढायला सांगितली.

* * *

यानंतर शाळेतून पहिला फोन आला. बाणाच्या आधीचा. कारण होतं सावली.

मुलांना ‘माय फॅमिली इन द सन’ असं चित्र काढायला दिलं होतं. रेवाने आजी काढली, आजीची सावली काढली. मला काढलं, माझी सावली काढली, सावलीला डोळे, नाक, तोंड आणि टिकलीही लावली. स्वतःला काढलं. बाबांना मात्र आडवं काढलं होतं, आणि बाबांना सावली नव्हती.

टीचरनी आवाज खाली आणून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मिस्टर असतात ना तुमच्याबरोबर? मला आधी समजेना. मग समजलं तेव्हा कानशिलं तापली. मी सांगितलं, असतात, पण रात्रपाळी असते, दिवसा झोपतात. त्या म्हणाल्या, ओके, ओके, पण सावलीला तोंड नसतं हे तिला जरा एक्स्प्लेन करा.

बाबा नाहीसा झाला तरी चालेल, सावलीला टिकली नको.

रेवाला विचारलं तर तिने अगदी सरळ सांगितलं, बाबा झोपले की त्यांची सावली त्यांच्या खाली जाऊन झोपते, मग ती दिसणार कशी? यात चूक शोधायला मला थोडा वेळ लागला. खरं तर अजून सापडलेली नाही.

संदेशला सांगितलं तेव्हा तो डबा भरून निघत होता. तो बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला, रात्री मी घरी नसतो तेव्हा माझी सावली कुठे असते, तेही विचार तिला. मी विचारलं नाही. तिने उत्तर दिलं असतं.

* * *

मग बाण आला, आणि मी टीचरना भेटायला गेले.

त्या फार गोड बोलल्या. रेवा छान मुलगी आहे म्हणाल्या, पण कन्सेप्ट्स क्लिअर नाहीत, वर्गात रिस्पॉन्स नाही, थोडी स्लो आहे. शाळेच्या काउन्सेलर मॅडम एकदा तिला बघतील. त्यांचं मत पडलं तर पुढच्या वर्षी एखाद्या दुसऱ्या शाळेचा विचार करता येईल, जिथे ती जास्त कम्फर्टेबल असेल. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की मी सोफा बघायला आले आहे, असं मला वाटायला लागलं.

घरी येऊन मी हे संदेशला सांगितलं, हळू आवाजात. आमच्या घरात हळू आवाजाला काही अर्थ नाही. पार्टिशनच्या पलीकडून सासूबाईंनी ऐकलं, आणि गॅलरीत जाऊन सावंतवहिनींना आपल्या मालवणीत सांगितलं, शाळेवाले आमच्या चेडवाक मंद म्हणतत.

स्लोचं मराठी त्यांनी चुकीचं केलं असं म्हणता येणार नाही.

जेवताना रेवाने वरणात बोट फिरवत विचारलं, “आई, मंद म्हणजे झीरोचा बल्ब ना?”

माझा घास हातातच राहिला. सासूबाई ताटात बघायला लागल्या. मग रेवानेच आम्हाला समजावलं. मोठी लाईट डोळ्यांवर येते, म्हणून झोपताना सगळे ती घालवतात. झीरोचा बल्ब मात्र रात्रभर ठेवतात. रात्री उठलं तर पाय आपटत नाही.

“मंद चांगलं असतं,” ती म्हणाली, आणि आजीकडे आणखी एक पोळी मागितली.

* * *

सासूबाईंना वाईट वाटलं होतं, पण त्यांनी ते कबूल केलं नाही. त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या काढल्या आणि रेवाला पाटावर बसवलं. पोरीची दृष्ट काढायची होती. एवढी हुशार पोर अचानक मागे पडते म्हणजे कोणाची तरी नजर लागलेली आहे.

मी तवा तापत ठेवला. हरकत रेवाने घेतली. पाटावर बसल्या बसल्या तिने आजीला बजावलं की डोळ्यातून बाहेर काही जात नाही, बाण उलटा असतो, आईने सांगितलंय.

सासूबाई मूठ फिरवायच्या थांबल्या नाहीत. “आवशीक सांग तुझ्या,” त्या म्हणाल्या, “ती बीएश्शी झाली म्हणान लोकांची नजर लागाची थांबणा नाय.”

मिरच्या तव्यावर टाकल्या. चांगल्या काळ्याठिक्कर झाल्या, पण कोणालाही ठसका लागला नाही. ठसका न लागणं म्हणजे नजर होती याचा पुरावा. खिडकी उघडी होती म्हणून, असं मी पुटपुटले, पण खिडकी बंद होती. रेवाने आजीच्या बाजूने निकाल दिला.

त्या दिवशी भांडी लावता लावता माझ्या लक्षात आलं की मी एकटीच आहे. सगळी मराठी भाषा माझ्या विरोधात उभी आहे. आपण नजर टाकतो. नजर ठेवतो, नजर रोखतो, फिरवतो, चुकवतो. नजरेला नजर भिडते. कोणाची तरी लागते. आमच्या भाषेत डोळ्यातून सारखं काहीतरी बाहेर निघतच असतं. डोळ्याकडे येतो तो एकटा उजेड, आणि तोही नुसता डोळ्यांवर येतो. तो आला की आपण डोळे मिटून घेतो.

पोरीने बाण काढला तो आमच्याच भाषेतून काढला होता. पण हे काउन्सेलर मॅडमना कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत?

* * *

भेटीचा दिवस ठरला शनिवारचा. हाताशी आठवडा होता. मी प्रयोगाने शिकवायचं ठरवलं. मुलांना पाठ करून घेऊ नये, स्वतः अनुभव घेऊ द्यावा, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि मला ते फार पटलं होतं.

मी रेवाला म्हटलं, डोळ्यातून काही बाहेर जात असतं तर पूर्ण अंधारातही दिसलं असतं की नाही? तर चल, पूर्ण अंधार करू.

आमच्या घरात पूर्ण अंधार मिळणं ही सोपी गोष्ट नाही. टॉवरवरचे दिवे संध्याकाळपासून चालू असतात. त्यांचा उजेड कौलातून, फटीतून, पडद्याच्या वरून, कुठूनही येतो. शेवटी मोरी सापडली. दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला, वरच्या झरोक्याला सासूबाईंचं जुनं लुगडं अडकवलं. आत मी आणि रेवा, उलट्या घातलेल्या बादलीवर. खरोखर काही दिसत नव्हतं.

मी विजयी आवाजात विचारलं, बघ, आता मी दिसते का?

रेवा म्हणाली, थांब ना, सवय झाली की दिसेल. मी म्हटलं, नाही दिसणार, कितीही सवय झाली तरी नाही दिसणार, कारण उजेडच नाही. मी सगळं परत सांगितलं. सूर्य, झाड, डोळा. सांगता सांगता माझा आवाज वर चढत गेला. सांगून झालं. बाहेरून सासूबाई दार वाजवत होत्या, आत काय चाललंय म्हणून.

“दिसतेस,” रेवा म्हणाली. “कपाळाला हात लावून बसलीयेस.”

मी हात खाली घेतला.

त्यानंतर प्रयोग बंद. मी पाठांतर सुरू केलं. बाण कुठून? सूर्याकडून. कुठे? झाडाकडे. मग? झाडाकडून डोळ्याकडे. डोळ्यातून काय जातं? काही नाही. दात घासताना, वेणी घालताना, शाळेची बॅग भरताना. शनिवारी सकाळी बसमध्येही आमचं हेच चाललं होतं. कंडक्टर समोर येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, कुठून?

रेवा म्हणाली, “सूर्यापासून.”

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लालबाग ते हिंदमाता, एक फुल, एक हाफ.

* * *

काउन्सेलर मॅडमची खोली थंडगार होती. एका भिंतीला मोठी खिडकी, टेबलावर लाल चेंडू, कोरा कागद आणि टोक केलेल्या पेन्सिली. टीचर एका बाजूला वही घेऊन बसल्या होत्या. मला भिंतीकडची खुर्ची दिली, रेवाच्या अगदी समोरची. मध्ये बोलायचं नाही, असं मला आधीच सांगितलं होतं.

मॅडमनी इंग्रजीत सुरुवात केली. नाव काय, आवडता रंग कुठला. रेवाने एकेका शब्दात उत्तरं दिली, टेबलाच्या कडेकडे बघत. टीचर वहीत काहीतरी लिहीत होत्या. माझ्या डोक्यात पुढच्या वर्षीची ती कम्फर्टेबल शाळा, गेटवरच्या आया आणि ग्रुपवरचे ते पिवळे चेहरे.

मग मॅडमनी चेंडू टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सांगितलं, हा बॉल तुला कसा दिसतो ते काढून दाखव.

रेवाने चेंडू काढला. खिडकी काढली, तीही कोणी न सांगता, मला धीर आला. मग डोळा काढला. पापण्या काढल्या, एक एक करून, खालच्यासुद्धा. आता राहिला होता फक्त बाण. तिने पेन्सिलचं टोक नेलं आणि डोळ्याच्या बरोबर मध्ये, बुबुळावर टेकवलं.

आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी एक अक्षर बोलले नाही. देवाशपथ सांगते, ओठसुद्धा हलले नाहीत. मान हलली नाही. हात मांडीवर होते ते मांडीवरच राहिले. मी नुसतं तिच्याकडे बघितलं.

रेवाने पेन्सिल उचलली. खिडकीपासून चेंडूपर्यंत एक बाण काढला. चेंडूपासून डोळ्यापर्यंत दुसरा काढला. दोन्ही सरळ, पट्टी न वापरता. पेन्सिल खाली ठेवली आणि हात मागे घेतले.

व्हेरी गुड, टीचर म्हणाल्या, आणि वहीत खूण केली. मॅडमनी मात्र कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. डोळ्याच्या मध्ये पेन्सिल टेकवलेला काळा ठिपका तसाच होता. त्यांनी कागद खाली ठेवला, खुर्ची रेवाच्या जवळ ओढली, आणि त्या शाळेत आजपर्यंत तिच्याशी कोणी जे बोललं नव्हतं ते बोलल्या. मराठी.

“तू आधी इथून बाण काढणार होतीस ना, बाळा? मग का नाही काढलास?”

रेवाने मॅडमकडे बघितलं. पहिल्यांदाच, सरळ.

“आईने बघितलं,” ती म्हणाली. “मला लागलं.”